‘हो’ म्हणालो, ते कबुलीत धरलं

पत्र थोडक्यात असं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखक मूळचे सातारा जिल्ह्यातले, सध्या लंडनपासून तासाभराच्या अंतरावर राहतात. पत्नी नर्स, तिच्या व्हिसावर ते चार वर्षांपूर्वी इंग्लंडला आले. अडीच वर्षं एका कुरिअर कंपनीची पार्सलं पोचवत होते. करारात ‘सेल्फ-एम्प्लॉइड’ लिहिलेलं. व्हॅन मात्र कंपनीकडूनच भाड्याने, अंगात जॅकेट कंपनीचं, सकाळी सहाला डेपोत हजेरी, रूट कंपनी देणार, दांडी झाली तर पैसे कापणार. वडील वारले तेव्हा ते तीन आठवडे गावी गेले. परत आले तर रूट दुसऱ्याला दिलेला. सुट्टीचे पैसे आणि कापलेली रक्कम मिळावी म्हणून त्यांनी एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे तिथल्या कामगार न्यायालयात, दावा केला. कंपनी म्हणते, हा आमचा ‘वर्कर’च नव्हता, म्हणजे सुट्टीच्या पैशांचा हक्कच नाही. तेवढ्या एका मुद्द्यावर पाच आठवड्यांनी सुनावणी आहे.

गेल्या आठवड्यात फोनवर प्राथमिक सुनावणी झाली. सुरुवातीला न्यायाधीश आणि कंपनीचा बॅरिस्टर ट्रेनच्या गोंधळावरून हसले-बोलले. मग न्यायाधीशांनी भरभर काहीतरी विचारलं, हे ‘यस, यस’ म्हणाले. दोन दिवसांपूर्वी आलेल्या लेखी आदेशात वाक्य आहे : आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याचा अधिकार होता, हे दावेदाराला मान्य आहे. पाठोपाठ कंपनीच्या सॉलिसिटरचं पत्र : दावा मागे घ्या, नाहीतर खर्चापोटी 18,000 पौंड मागू. बायको म्हणते सोडून द्या. मेहुणा म्हणतो शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि तसाही तू टॅक्स सेल्फ-एम्प्लॉइड म्हणूनच भरलास. त्यांचा प्रश्न : ‘न्यायाधीश आधीच त्यांच्या बाजूचे असतील तर केस मागे घेऊ, की न्यायाधीशांची तक्रार करू?’

आणि पत्राच्या अगदी तळाला : ‘जाता जाता, एकदा ताप होता म्हणून मित्राला व्हॅन घेऊन पाठवलं, तर मॅनेजरने गेटवरूनच हाकललं. वर मला मेसेज केला की तू स्वतः येणार नसशील तर आजचा रूट कॅन्सल. मेसेज अजून आहे फोनमध्ये. पण आता त्याचं काय.’

*

तुमच्या पत्राचा तळ मी आधी वाचायला हवा होता. दोन पानं तुम्ही न्यायाधीशांच्या हसण्यावर लिहिलीत आणि अख्ख्या केसचा जीव ज्यात आहे ती गोष्ट ‘जाता जाता’ म्हणून टाकलीत. त्या मेसेजकडे येऊच. पण आधी तो ‘यस’.

मी आईशी फोनवर बोलते तेव्हा मिनिटाला पाच वेळा ‘हो’ म्हणते. त्यातल्या एकाचाही अर्थ ‘मला मान्य आहे’ असा नसतो. ‘ऐकतेय, पुढे बोल’ एवढाच असतो. आपल्यातले पुष्कळ जण इंग्रजी बोलतानाही हीच सवय सोबत घेऊन जातात, आणि मोठ्या माणसापुढे तर जास्तच. दर शनिवारी मी इथल्या एका सल्ला केंद्रात बसते. समोर बसलेल्या माणसाला ‘कळलं का?’ विचारलं की तो मान हलवतो. ‘मग आता घरी जाऊन बायकोला काय सांगाल?’ विचारलं की कळतं, काहीच पोचलेलं नाही. फोनवरच्या न्यायाधीशांना तर तुमची मानही दिसत नव्हती.

शिवाय तिथे एकात एक दोन प्रश्न होते. ‘बदली पाठवता येईल असं कलम करारात आहे का?’ हा एक, आणि ‘तुम्हाला खरोखर बदली पाठवता येत होता का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. तुम्ही पहिल्याला हो म्हणालात, आदेशात ते दुसऱ्याचं उत्तर म्हणून उतरलं. यात कुणाचा कपटी डाव असेलच असं नाही. पण हे दुरुस्त करून घेणं तुमचं काम आहे, आणि त्यासाठी सुनावणीच्या दिवसाची वाट बघायची नाही. आज रात्री ट्रायब्युनलला ईमेल करा, त्याच ईमेलमध्ये कंपनीच्या सॉलिसिटरला कॉपी ठेवा (न ठेवता पाठवलेला अर्ज बहुधा बाजूला पडतो). चार वाक्यं पुरतील : आदेशातल्या अमुक परिच्छेदात माझं म्हणणं चुकीचं नोंदलं गेलं आहे. असं कलम करारात आहे एवढंच मी मान्य केलं. प्रत्यक्षात मला तसा अधिकार नव्हता, हेच माझ्या दाव्याचं म्हणणं आहे. फोनवर बोलणं मला नीट समजलं नाही, पुढच्या सुनावणीला दुभाषी हवा. बस. त्यात वडिलांचं, रूटचं, अन्यायाचं काही घालू नका.

दुभाषी मागायची लाज वाटते हे मला माहीत आहे. ‘चार वर्षं इथे राहून इंग्रजी येत नाही असं वाटेल.’ अहो, डेपोतलं इंग्रजी आणि उलटतपासणीतलं इंग्रजी या दोन निराळ्या भाषा आहेत. जिथे एका ‘यस’ने तुमचं नुकसान झालं तिथे भीड कसली? दुभाषी ट्रायब्युनल स्वतःच्या खर्चाने देतं, मेहुण्याला ते काम करता येणार नाही. आणि मागताना ‘मराठी’ असं स्पष्ट लिहा. ‘इंडियन’ किंवा ‘हिंदी चालेल’ लिहिलंत तर हिंदीच मिळेल, आणि ‘कामावरून काढलं’ आणि ‘काम दिलं नाही’ यातला फरक तुम्हाला दुसऱ्याच्या भाषेत सांगत बसावं लागेल.

आता मेसेज. इथल्या 1996च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्टमध्ये ‘वर्कर’ कोण याची व्याख्या आहे. साध्या भाषेत : जो काम स्वतः जातीने करायला बांधलेला आहे, आणि ज्याच्याकडून काम करून घेणारा हा त्याच्या स्वतःच्या धंद्याचा गिऱ्हाईक नाही, तो. एम्प्लॉयी आणि खराखुरा स्वतंत्र धंदेवाला यांच्या मधली ही पायरी. ‘जातीने’ हा शब्द मोडण्यासाठीच करारात बदलीचं कलम घालतात. म्हणून तुमच्याकडून तो ‘यस’ त्यांना हवा होता.

पण कलम कागदावर असणं पुरत नाही. लेस्टरशरमधल्या मेशम इथे लिलावाच्या गाड्या धुऊन चकचकीत करणारे वीस जण होते. त्यांच्या करारातही लिहिलेलं : तुम्ही स्वतंत्र, बदली पाठवा, काम द्यायला आम्ही बांधील नाही. 2011 साली ऑटोक्लेन्झ या त्यांच्या कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कागद बाजूला ठेवा, प्रत्यक्षात काय चालत होतं ते बघा, कारण हा कागद बरोबरीच्या दोघांनी बसून लिहिलेला नाही. 2021च्या फेब्रुवारीत उबरच्या ड्रायव्हरांच्या खटल्यात ते आणखी पुढे गेलं : सुरुवात करारापासून करायचीच नाही, कायदा कुणाचं रक्षण करायला केला आहे तिथून करायची. भाडं कोण ठरवतं, अटी कोण लादतं, फेरी नाकारली तर काय होतं, हे न्यायालयाने पाहिलं. तुमचा रूट, तुमचं जॅकेट, तुमच्या कापलेल्या पैशांचे कागद याच मापाने मोजले जातील.

हे वाचून लगेच हुरळून जाऊ नका. 2023च्या नोव्हेंबरमध्ये डिलिव्हरू या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीच्या रायडर्सची बाजू त्याच सुप्रीम कोर्टात हरली. तो खटला युनियनच्या मान्यतेचा होता, पण गाडी याच बदलीच्या मुद्द्यावर अडली. तिथे बदलीची मुभा खरी होती, रायडर आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत होते आणि कंपनी त्यात पडत नव्हती. म्हणजे निकाल तुमच्या हालांवर लागत नाही. तो गेटवर काय घडलं त्यावर लागतो. तुमचा मित्र व्हॅन घेऊन सहाला पोचला आणि त्याला आत घेतलं नाही. मॅनेजरने लेखी कळवलं की ‘तू स्वतः’. यापेक्षा चांगला पुरावा मी क्वचित पाहिला आहे, आणि तुम्ही तो जाता जाता सांगता!

न्यायाधीशांबद्दल. तुम्ही लिहिता, ‘ते एकमेकांना ओळखत होते, मग न्याय कसला?’ हे वाटणं मला खोटं ठरवायचं नाही. आपण एकटे, समोर दोघं एकाच बोलीत बोलतायत, हसतायत. साताऱ्याच्या कचेरीत साहेब आणि वकील असे हसले असते तर आपण काय समजलो असतो तेच तुम्ही इथे समजलात. पण इथले बरेच एम्प्लॉयमेंट जज स्वतः वकिली करून आलेले असतात, काही तर अर्धवेळ न्यायाधीश आणि अर्धवेळ वकील असतात. ट्रेनवरून हसणं म्हणजे बाजू घेणं नव्हे. पक्षपाताची कसोटी 2001च्या पोर्टर विरुद्ध मॅगिल या खटल्यापासून ठरलेली आहे : सगळी माहिती असलेल्या, समतोल बुद्धीच्या तिऱ्हाईताला इथे पक्षपाताची खरी शक्यता आहे असं वाटेल का? तुम्हाला काय वाटतं हा प्रश्न तिथे नसतो. नुसत्या हसण्यावर ही तक्रार टिकणार नाही. उलट, ज्या दुरुस्तीत दम आहे तिची धारही तिने बोथट होईल.

तुमचं ऐकूनच घेतलं नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत, ज्यावर तुम्हाला बोलायची संधीच दिली नाही अशा मुद्द्यावर निकाल दिला, असं पुढे काही घडलं तर गोष्ट निराळी. तेव्हा मात्र तिथल्या तिथे, नम्रपणे, मोठ्याने बोला. ‘सर, हे नोंदवून घ्याल का?’ एवढंच. आपण मनात ठेवतो, निकाल विरोधात गेला की बाहेर काढतो. अपिलात मग पहिला प्रश्न येतो : तेव्हा का नाही बोललात? माहीत असून गप्प बसलेल्याने हरकत सोडून दिली असंच धरतात.

दोन्ही बाजूंना शक्य तितक्या बरोबरीच्या पातळीवर ठेवणं हे ट्रायब्युनलच्या नियमांतच लिहिलेलं कर्तव्य आहे. वकील नसलेल्याला कसं वागवावं, दुभाषी असताना कसं बोलावं, यावर न्यायाधीशांसाठी ‘इक्वल ट्रीटमेंट बेंच बुक’ नावाचं जाडजूड मार्गदर्शक आहे, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. न्यायाधीश तुम्हाला प्रक्रिया समजावतील, प्रश्न सोपा करून विचारतील. तुमची केस ते लढणार नाहीत. ‘खरं काय ते जजला दिसेलच’ या भरवशावर मात्र राहू नका. समोर ठेवाल तेच त्यांना दिसेल.

18,000 पौंडांच्या पत्राने झोप उडाली असेल. उडावी म्हणूनच ते लिहितात. ट्रायब्युनलमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा असा रिवाज नाही. दावा मुळातच निराधार असेल, किंवा कुणी त्रास द्यायला, अवाजवी वागून केस चालवली, तरच खर्चाचा हुकूम होऊ शकतो, आणि तेव्हाही तुमची ऐपत विचारात घेता येते. असे हुकूम अपवादानेच होतात. मात्र पत्र फाडून टाकू नका. नीट वाचा, कारण त्यात ते आपली बाजू कुठे पक्की समजतात हे सांगून बसलेले असतात. उत्तर एकाच परिच्छेदाचं द्या : माझा दावा प्रामाणिक आहे, बदलीच्या मुद्द्यावर आदेशात दुरुस्ती मागितली आहे, मेसेजची प्रत सोबत आहे. त्यानंतर त्यांचा सूर उतरला तर मला नवल वाटणार नाही.

मेहुण्यांचं टॅक्सचं म्हणणं पुष्कळांच्या मनात असतं. टॅक्सच्या कायद्याला दोनच खाने आहेत, नोकर आणि सेल्फ-एम्प्लॉइड. कामगार कायद्यात मधला तिसरा खाना आहे. त्यामुळे सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून टॅक्स भरलेला माणूस ‘वर्कर’ असू शकतो. पिम्लिको प्लंबर्स विरुद्ध गॅरी स्मिथ यांचा दावा हाच होता. हे प्लंबर व्हॅटसाठी नोंदवलेले, टॅक्स स्वतंत्र म्हणून भरणारे. हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी कामाचे दिवस कमी करून मागितले. 2018 साली सुप्रीम कोर्टाने त्यांना वर्कर ठरवलं. पुढे सुट्टीच्या पैशांचा दावा ट्रायब्युनलने मुदतीबाहेर म्हणून फेटाळला आणि 2022मध्ये कोर्ट ऑफ अपीलने तो निकाल फिरवला : मालकाने हक्कच नाकारला असेल तर राहिलेली पगारी रजा साचत जाते, काम संपताना मागता येते. तुमच्या हिशोबाला याचा थेट उपयोग आहे. अशी साचणारी रजा वर्षाला 4 आठवड्यांची धरली तर अडीच वर्षांची ढोबळमानाने 10 आठवड्यांची कमाई होते. हा आकडा कागदावर मांडून बायकोला दाखवा. ‘सोडून द्या’ म्हणताना काय सोडायचं ते तरी दोघांना कळेल.

बायकोचं म्हणणं मी हलकं धरत नाही. घरात रोज संध्याकाळी तोच विषय, ती नाइट ड्यूटीवरून येते तेव्हा तुम्ही ईमेल वाचत बसलेले. तुमचं नाव इंटरनेटवर येईल का, असं तुम्ही विचारलंय. होय, 2017पासून ट्रायब्युनलचे निकाल ऑनलाइन टाकतात, महाराष्ट्र मंडळातल्या कुणीही शोधलं तर सापडेल. वेळही लागतो. उबरच्या ड्रायव्हरांना 2016च्या पहिल्या निकालापासून शेवटापर्यंत सव्वाचार वर्षं लागली. तेव्हा थांबायचंच असेल तर थांबा, त्यात कमीपणा नाही. पण ‘मागे घेणं’ आणि ‘मिटवणं’ यांत गल्लत करू नका. दावा मागे घेतला की तो बहुधा फेटाळला जातो, त्याच गोष्टीसाठी पुन्हा दार ठोठावता येत नाही, हातात काही पडत नाही. एकास (Acas) या कामाच्या ठिकाणचे तंटे मिटवायला मदत करणाऱ्या संस्थेतली जी व्यक्ती सुरुवातीला तुमच्याशी बोलली होती ती अजूनही मध्यस्थी करू शकते. आकडा ठरवा, तिला फोन करा. मेसेजची प्रत गेल्यानंतर करा, आधी नको.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मीही ऐकत वाढले. पण ती ज्या कोर्टांवरून पडली तिथे दाराशीच खिसा रिकामा व्हायचा. गंमत म्हणजे 2013मध्ये इथेही तसंच केलं होतं. दावा आणि सुनावणी मिळून 1,200 पौंडांपर्यंत फी लावली. दावे धडाधड कमी झाले. 2017च्या जुलैमध्ये युनिसन या कामगार संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदा ठरवली, कारण न्यायापर्यंत पोचणंच अडत होतं. तुम्ही दावा भरताना एक पेनी द्यावी लागली नाही ती त्या निकालामुळे.

तयारीबद्दल थोडं. सुनावणीआधी दोन्ही बाजूंच्या कागदांचं एक बाड करतात, त्याला बंडल म्हणतात. तुमचे मेसेज, पैसे कापल्याच्या स्लिपा, रूटच्या याद्या त्यात आहेत ना, पानांचे आकडे पडलेत ना, स्वतः बघा. आदल्या आठवड्यात त्यांनी सहाशे पानं अंगावर टाकली तर त्याच दिवशी लिहून कळवा. शेवटच्या सात दिवसांत मागितलेली तहकुबी सहजी मिळत नाही, पण दुसऱ्या बाजूच्या उशिरामुळे मागत असाल तर ऐकतात.

मॅनेजर साक्षीला येईल. तो म्हणेल, ‘कुणीही बदली पाठवायचं, आमची हरकत नसायची.’ आपली माणसं इथे चिडून भाषण देतात. भाषण नको, प्रश्न विचारा. ‘अमुक तारखेला माझा मित्र आला होता, बरोबर? तुम्ही त्याला आत घेतलं नाही, बरोबर? पान 84 उघडाल का? हा मेसेज तुमचाच ना?’ आणि थांबा. तुम्हाला न पटणारी त्याची प्रत्येक गोष्ट त्याच्यापुढे प्रश्न म्हणून ठेवायलाच हवी, नाहीतर ती तुम्हाला मान्य होती असं धरलं जाऊ शकतं.

तुम्ही लिहिलंत की तो मित्र आता कोल्हापूरला परत गेलाय, व्हिडिओवरून साक्ष देईल. इतकं सोपं नाही ते. परदेशातून साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नसल्याचं आधी कळावं लागतं, इथल्या परराष्ट्र खात्यातून ती विचारणा होते. त्यात आठवडे जातात, तेव्हा ट्रायब्युनलला लगेच कळवा. नाहीच जमलं तर त्याचं लेखी निवेदन द्या. उलटतपासणी न झाल्यामुळे त्याला वजन कमी मिळेल, पण मेसेज सोबत असला की तेही कामाला येतं.

सुनावणी फोनवर चोरून रेकॉर्ड करू नका, तो न्यायालयाचा अवमान होतो. टिपणं घ्यायला मेहुण्यांनाच न्या, म्हणी सांगण्यापेक्षा बरं काम. आणि निकाल तोंडी दिला तर तिथेच, किंवा 14 दिवसांच्या आत, कारणं लेखी मागा. ती हातात नसतील तर अपील करणं फार अवघड होतं. अपिलाला ती पाठवल्यापासून 42 दिवस मिळतात, त्यात एका दिवसाचीही सूट सहसा देत नाहीत.

अजून दावा न केलेल्या वाचकांसाठी एवढंच : पैसे नाकारल्याच्या किंवा काम थांबल्याच्या दिवसापासून तीन महिन्यांना एक दिवस कमी, अशी मुदत धरून चला आणि त्याआधी एकासकडे जा. मुदत वाढवण्याबद्दल बरंच कानावर येईल, तुम्ही जुन्याच हिशोबाने दिवस मोजा. सिटिझन्स अॅडव्हाइस, जवळचं लॉ सेंटर, लंडनच्या परिसरात असाल तर त्यांच्यामार्फत फ्री रिप्रेझेंटेशन युनिट, इथे पैसे पडत नाहीत. स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉइड काम करणाऱ्यांनी मात्र दावा करण्याआधी व्हिसाचा सल्ला घ्यावा, कारण त्या व्हिसावर असं काम चालतच नाही.

एक दिवस काढा आणि तुमच्या ट्रायब्युनलमध्ये दुसऱ्या कुणाची तरी सुनावणी मागे बसून बघून या. सुनावण्या सर्वांना खुल्या असतात, दारावरच्या माणसाला विचारलं की खोली दाखवतो. तिथेही कुणीतरी बॅरिस्टर न्यायाधीशांशी हवापाण्यावर बोलत असेल.

आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट आजच काढा. वर मॅनेजरचं नाव, नंबर आणि तारीख दिसायला हवी. त्याच्या आधीचा तुमचा मेसेजही घ्या, ताप आहे, मित्राला पाठवतोय असं सांगितलेला. पत्रात तुम्ही फोनची स्क्रीन फुटल्याचं आणि नवीन घेणार असल्याचंही लिहिलंय. सुनावणी होईपर्यंत जुना विकू नका.